सर्फ रॉकची कोरडी तबकडी

सर्फ रॉक म्हटले की कानात एक ओला, घुमणारा गिटारस्वर उमटतो. म्हणूनच गिटारवादक डिक डेलची ‘लेट्स गो ट्रिपिन’ लक्ष देऊन ऐकणारा चक्रावतो. सप्टेंबर 1961 मध्ये डेल्टोन लेबलवर निघालेली ही तबकडी या संगीताची आद्य तबकडी म्हणून पुढे केली जाते. पण तिच्यातली गिटार जवळजवळ कोरडी आहे. जी जन्मखूण आपण धरून चालतो, ती जन्माच्या दाखल्यावर नाही!

आता काळ जुळवून पाहू. हा ओला घुमारा म्हणजे रिव्हर्ब. फेंडर कंपनीने गिटारवाल्यांसाठी त्याची स्वतंत्र पेटी बाजारात आणली ती 1961 मध्येच. आत पोलादी स्प्रिंगा ताणलेल्या असतात. सूर त्यांच्यातून थरथरत जातो आणि दुसऱ्या टोकाला किंचित उशिरा, पसरून बाहेर येतो. पेटीला नुसता धक्का लागला तरी आत खणखणाट होतो. डेलने पुढे मुलाखतींत सांगितले, की त्याला रिव्हर्ब मुळात हवा होता तो गाताना, स्वतःच्या गळ्यासाठी. ही साक्ष उशिराची आहे, शिवाय ज्याचा संबंध आहे त्याचीच आहे. एरवी मी ती बाजूला ठेवली असती. पण कोरडी तबकडी तिला दुजोरा देते, म्हणून ग्राह्य धरतो.

दुसरा प्रश्न नावाचा. लॉस एंजेलिसच्या किनारी भागातल्या बेल-एअर्स या पोरसवदा वाद्यवृंदाची ‘मिस्टर मोटो’ही 1961 चीच, आणि पहिलेपणाचा मान तिलाही दिला जातो. मला हा वाद दुय्यम वाटतो. महत्त्वाचे हे, की दोन्ही शीर्षकांत ना सर्फ आहे, ना समुद्र. मग ‘सर्फ’ हे नाव आले कुठून? कॅलिफोर्नियातल्या बाल्बोआच्या राँदेव्हू बॉलरूममध्ये डेलसमोर नाचायला लाटांवर फळी चालवणारी मुले गर्दी करत, एवढे पक्के आहे. संगीताला नाव त्या गर्दीने दिले, हे माझे अनुमान. 1962 मध्ये निघालेल्या डेलच्या पहिल्या अल्बमचे नाव त्याला बळ देते: ‘सर्फर्स चॉइस’, म्हणजे सर्फरांची पसंती.

शँटेज या शाळकरी मुलांची ‘पाइपलाइन’ आणखी बोलकी. तिचे मूळ नाव ‘लिबर्टीज व्हिप’ होते. सर्फिंगच्या एका चित्रपटात हवाईतली पाइपलाइनची लाट पाहिल्यावर मुलांनी ते बदलले. चाल आधी, लाट नंतर. 1963 मध्ये ती बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचली, आणि हिच्यात मात्र गिटार चिंब भिजलेली आहे.

‘मिसिरलू’चा माग तर कॅलिफोर्नियाच्याही पलीकडे जातो. डेलची तबकडी 1962 ची. पण 1941 मध्ये निक रुबानिस या ग्रीक-अमेरिकन संगीतकाराने ही चाल स्वतःच्या नावावर प्रसिद्ध केली होती, आणि त्याच्याही आधी, 1927 मध्ये, न्यूयॉर्कमध्ये तेतोस दिमित्रियादिसच्या आवाजात तिचे ध्वनिमुद्रण झाले होते. म्हणजे रुबानिसचे नाव कागदावर आहे, कर्तेपण त्यातून सिद्ध होत नाही. खरा रचनाकार अज्ञातच आहे. शीर्षकाचा अर्थ ‘इजिप्तची स्त्री’. जुन्या मराठीत आपण इजिप्तला मिसर म्हणत आलो, तोच शब्द. डेलचे वडील लेबनीज वंशाचे. त्या बाजूच्या नात्यात त्याने ही चाल लहानपणी ऐकली होती, असे तो सांगे. हे शक्य कोटीतले आहे, त्यापुढे मी जात नाही.

1964 नंतर बीटल्सच्या धडाक्यात हे सारे मागे पडले. राँदेव्हू बॉलरूम 1966 मध्ये आगीत गेले. आणि पुनरुज्जीवनाच्या पहिल्या खुणा शोधताना हाती काय लागते? एक यादी. जॉन ब्लेअरने 1959 ते 1965 मधल्या सर्फ तबकड्यांची सचित्र सूची तयार केली, ती 1978 मध्ये छापून आली. मग या सूचीकारानेच गिटार उचलली. त्याच्या ‘जॉन अँड द नाइटरायडर्स’चा ‘सर्फ बीट ’80’ हा अल्बम 1980 चा. 1994 मध्ये ‘पल्प फिक्शन’ची श्रेयनामावली ‘मिसिरलू’वर सुरू झाली आणि डेल नव्या पिढीच्या कानी पडला. पण त्याच्या पंधरा-सोळा वर्षे आधीच एका माणसाने तबकड्या शोधून, लेबले वाचून, त्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

वाचकांनी स्वतः पडताळा घ्यावा. आधी ‘लेट्स गो ट्रिपिन’ ऐका, लगेच ‘पाइपलाइन’. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम दीड वर्षाचे आहे.