वसईचा दुसरा हंगाम

वसईचा किल्ला मराठ्यांनी मे १७३९ मध्ये घेतला. शाळेत आम्हाला एवढंच पाठ करायला लावत. त्याआधीच्या दोन वर्षांत काय झालं, हे परीक्षेत येत नसे, कारण त्या दोन वर्षांत वसई हाती आली नव्हती. मला आता त्याच दोन वर्षांबद्दल वाचावंसं वाटतं. मी भिवंडीच्या एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे, तिथला मुलांचा बास्केटबॉल संघ माझ्याकडे आहे, आणि माझं घर अंजूरला आहे. वसईच्या मोहिमेच्या मुळाशी ज्यांची खटपट होती, त्या गंगाजी नाईक अंजूरकरांचं हे गाव.

आज अंजूर म्हटलं की लोकांना अंजूर फाटा आठवतो, कंटेनरच्या रांगा आठवतात. काल्हेर-मानकोलीपर्यंत भाताची खाचरं होती, तिथे गोदामांची पत्र्याची छपरं आली. पण गावात नाईकांचा वाडा आहे, सिद्धिविनायक आहे, माघी चतुर्थीला दर्शनाला गर्दी होते. पलीकडे खाडी. तीच खाडी घोडबंदरावरून पुढे वसईला समुद्रात उतरते. गंगाजी नाईकांच्या काळी रस्ता म्हणजे ती खाडीच होती. भरती कधी लागते, ओहोटीला कुठे चिखल उघडा पडतो, होडी कुठे लागते, हे ज्याला ठाऊक तो या मुलखाचा जाणकार.

पोर्तुगीजांकडे वसई १५३४ पासून होती. गुजरातच्या बहादूरशहाने ती त्यांना दिली, सोबत साष्टीही गेली. दोनशे वर्षांच्या अमलात धर्मसमीक्षणाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा जाच हिंदू रयतेला सोसावा लागला. अठराव्या शतकात अंजूरचे नाईक बंधू आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांच्यासारखी माणसं पेशव्यांकडे दाद मागू लागली. गंगाजी नाईकांनी काय काय केलं, ते घराण्याच्या परंपरेतून आलेल्या ‘साष्टीच्या बखरी’त आहे. बखर ही बखरच. तिच्यात देवाचे दृष्टांत आहेत, घराण्याचा अभिमान आहे. पण एक गोष्ट तिच्यातून स्वच्छ कळते. पेशव्यांना तलवारबहाद्दर माणसांची कमी नव्हती, कमी होती ती इथल्या पाण्याची आणि तटांची माहिती असलेल्या माणसांची. ती नाईकांनी गोळा केली.

त्या माहितीचा उपयोग पहिल्याच तडाख्यात दिसला. ठाण्याला पोर्तुगीज नवा कोट बांधत होते आणि त्यासाठी आसपासच्या लोकांना वेठीला धरत होते. मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनी ठाण्यावर छापा घातला तेव्हा तो कोट अजून अपुरा होता. ज्या लोकांकडून तो जबरदस्तीने बांधून घेतला, त्यांना त्याची कच्ची बाजू ठाऊक असणारच. ठाणं पडलं. साष्टी पोर्तुगीजांच्या हातची गेली. घोडबंदर, पारसिक, बेलापूर, अर्नाळा अशी ठाणी एकामागून एक आली. वसईही आता आठवड्याभराचा प्रश्न आहे, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असेल.

आणि तिथे सगळं अडलं.

वसईचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना कारण लगेच कळेल. बहुतेक बाजूंनी पाणी आणि दलदल आहे, जमिनीवरून जायची वाट उत्तरेकडून. तिथेच भक्कम बुरूज आणि तोफा. शंकराजी केशव फडके यांच्याकडे किल्ला घ्यायचं काम होतं. १७३७ च्या पावसाळ्यात त्यांनी शिड्या लावून तट चढायचा प्रयत्न केला, माणसं खाली पडली, हल्ला फसला. तट फोडता येईल अशा मोठ्या तोफा पुरेशा नव्हत्या आणि समुद्राची वाट पोर्तुगीजांना मोकळी होती. त्यातच बाजीराव पेशवे उत्तरेत गुंतले. डिसेंबर १७३७ मध्ये भोपाळला निजामाला कोंडलं, जानेवारी १७३८ मध्ये तह झाला. नामांकित फौजा, नामांकित सरदार तिकडे. बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पाही खानदेशाच्या बाजूला वाट अडवून बसलेले. कोकणात उरली ती थकलेली शिबंदी. १७३८ च्या सुरुवातीला केळवे-माहीमवर हल्ला केला तर तिथेही मार खाऊन परतावं लागलं, चांगली माणसं कामी आली.

हा झाला पहिला हंगाम. लढाईत माणसं मरतात, तिची आणि खेळाची बरोबरी मी करत नाही. वसईच्या वाळूत जे मेले त्यांच्या घरी कुणी पुढच्या वर्षीचं वेळापत्रक पाहत बसलं नव्हतं. पण हरल्यानंतर फळी पुन्हा कशी बांधायची, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी त्याचं उत्तर ज्या पद्धतीने दिलं, ती पद्धत माझ्या कामाची आहे.

गेल्या वर्षी आमचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाहेर पडला. सराव सामने धरले तरी वर्षभरात सांगण्यासारखा विजय नाही. शेवटच्या वर्षाची मुलं पदवी घेऊन गेली. त्यातली काही आता गोदामात हातात स्कॅनर घेऊन रात्रपाळी करतात आणि उंच रॅकवरचे खोके काढताना माझी आठवण काढतात म्हणे. यंदा आली ती सगळी नवी. काही दिवे-अंजूर भागातली कबड्डी खेळून आलेली आगरी मुलं, काही भिवंडी शहरातली यंत्रमाग कामगारांची. कबड्डीवाल्यांचे पाय चपळ आहेत, खाली वाकून समोरच्याला अडवणं त्यांना शिकवावं लागत नाही. पण चेंडू हातात आला की नजर चेंडूवर, ड्रिबल करताना मान वर होत नाही, आणि दोन पावलांनंतर तिसरं पडतंच. शिट्टी वाजली की माझ्याकडे पाहतात. ‘सर, स्पर्श झालाच नाही!’ अंगात कबड्डी इतकी भिनलेली.

या वेळी कर्णधार बदला, असं मला अनेकांनी सुचवलं. गेल्या वर्षीचा कर्णधार अजून शेवटच्या वर्षाला आहे. हरलेल्या संघाचा चेहरा पुढे नको, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मी शंकराजी केशवांचं पुढे काय झालं ते पुन्हा वाचलं.

ज्याच्या हाताखाली शिड्या कोसळल्या, त्या माणसाला पेशव्यांनी घरी बसवलं नाही. दुसऱ्या हंगामातही ते मोहिमेत होते, आणि किल्ला पडल्यावर वसईचे सरसुभेदार म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. साष्टीत लढलेले खंडोजी माणकरही राहिले. म्हणजे नवे आले ते जुन्यांच्या जागी आले नाहीत, जुन्यांच्या शेजारी आले. उत्तरेतून मोकळे झालेले मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे आले, चिमाजीअप्पा स्वतः आले. नव्यांकडे ताजा दम होता. जुन्यांना कुठला बुरूज कसा मारा करतो हे ठाऊक होतं, कारण त्यांनी तो मारा अंगावर घेतला होता. इतिहासाच्या पुस्तकांत विजयी सरदारांची नावं ठळक छापतात. मला शंकराजी केशवांचं नाव सगळ्यात मोलाचं वाटतं.

पोर्तुगीजांनीही आपली फळी नव्याने बांधली होती, हे विसरून चालणार नाही. गोव्याच्या व्हाइसरॉयने, सांदोमिलच्या काउंटने, पेद्रू द मेलू या सेनानीला उत्तरेकडे पाठवलं. डिसेंबर १७३८ मध्ये तो ठाणं परत घ्यायला आला. मुंबईच्या इंग्रजांनी मराठ्यांना आधीच खबर दिली होती. तोफेच्या माऱ्यात पेद्रू द मेलू मारला गेला आणि ठाणं राहिलं. दुसऱ्या हंगामाची खरी सुरुवात मी या दिवसापासून धरतो. आदल्या वर्षी मिळवलेलं टिकलं, हाच पहिला विजय.

यानंतर मराठ्यांनी वसईवर थेट धाव घेतली नाही. इथे माझ्यासारखा खेळाचा माणूस थांबतो आणि दोनदा वाचतो. आदल्या वर्षी जिथे आपटले होते त्या माहीमला ते आधी गेले. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे, शिरगाव अशी उत्तरेची ठाणी पडली. २४ जानेवारीला तारापूर घेतलं. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेटरेकर पडले. बाजीरावांनी त्यांच्या आईला लिहिलेलं सांत्वनाचं पत्र मराठी माणसाने एकदा तरी वाचावं, इतकं ते मायेचं आहे. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे गोव्यात घुसले, मडगाव घेतलं, राचोलला वेढा घातला, म्हणजे गोव्याहून वसईला मदत यायची वाट आटली. मग वर्सोवा घेतलं, खाडीच्या तोंडावरचं धारावी घेतलं. चहूबाजूंनी दोर आवळत आणले आणि मग वसईच्या उत्तर तटासमोर मोर्चे बसले.

यंदा भर शिड्यांवर नव्हता. वाळूतून खंदक खणत तटाच्या पायथ्याशी जायचं, सुरुंग घालायचे. वरून आग, दगड, गोळे. खणलेलं ढासळायचं, पुन्हा खणायचं. मेच्या पहिल्या दिवसांत सुरुंग उडाले, सेंट सेबॅस्टियनच्या बुरुजाला खिंडार पडलं. काही सुरुंग उशिरा उडाले आणि आपलीच माणसं खाली गाडली गेली, तरी मागची फळी पुढे आली. मराठ्यांकडची हानी हजारांत गेली. पोर्तुगीजही शेवटपर्यंत शौर्याने लढले, मग त्यांनी तह मागितला. तहाच्या अटी मला महत्त्वाच्या वाटतात. शिबंदीला शस्त्रांसह मानाने बाहेर पडू दिलं, कुटुंबांना सामानासह जाऊ दिलं, जे ख्रिस्ती रयत म्हणून मागे राहतील त्यांच्या धर्माला अभय दिलं. वसईतल्या ख्रिस्ती वाड्या आज मराठी बोलतात. चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता, तो फेडायला देऊळ बांधलं. तेही आमच्याच भिवंडी तालुक्यात.

य. न. केळकरांचं ‘वसईची मोहीम’ हे पुस्तक मी नव्या मुलांना वाचायला देतो. सगळी वाचत नाहीत. आगऱ्यांची मुलं वाचतात, कारण त्यात त्यांच्या खाड्या आहेत, गावांची नावं आहेत. आमचा मधल्या जागेचा एक खेळाडू मोमीन घरातला आहे. त्याने विचारलं, ‘सर, गंगाजी नाईक स्वतः लढले का, की फक्त माणसं जमवली?’ मी म्हटलं, जमवणं हेही लढणंच होतं, आणि नाईक मंडळी मोहिमेत होतीच. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी शांतीनगरच्या गल्लीतून दोन चुलतभावांना सरावाला घेऊन आला.

वस्तीतून संघ उभा राहतो, हे बास्केटबॉलच्या इतिहासातही आहे, आणि ते फार लांब नाही. हा खेळ १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथ यांनी सुरू केला. थंडीत बंदिस्त जागेत मुलांना खेळवायचं होतं, म्हणून पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. वायएमसीएबरोबर तो भारतात आला. १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी मुंबईत नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं. तेच मॅन्शार्ट पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. नागपाड्यात गरीब मुस्लिम, ज्यू, ख्रिस्ती घरांतली पोरं होती. उंचपुरी, खाऊनपिऊन सुखी अशी मुलं तिथे कुणी आणून दिली नाहीत. गल्लीत जी होती त्यांच्याकडूनच बच्चू खान यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी खेळ करून घेतला, आणि तिथल्याच अब्बास मुन्तसिर यांनी भारताचं कर्णधारपद भूषवलं, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. बच्चू खान यांच्या नावाचं मैदान आजही नागपाड्यात आहे. खेळायचं ठरवलं तर मुंबईच्या गर्दीतही एवढी जागा राखता येते.

आमच्या भागात मोकळी जागा गोदामांना जाते आहे. महाविद्यालयाचं सिमेंटचं मैदान आहे, एका बाजूचा बोर्ड जरा कललेला आहे, पण ते आमचं आहे. मी गेल्या वर्षीचा कर्णधार कायम ठेवला. नव्या मुलांना तो स्वतः दाखवतो, की शेवटच्या मिनिटाला आघाडीवर असताना आपण चेंडू कुठे घालवला, कोणाकडे पास द्यायचा राहिला. हे मी सांगितलं असतं तर ते रागावणं झालं असतं. तो सांगतो तेव्हा मुलं ऐकतात, कारण तो तिथे उभा होता. हल्ला आधी करायचा नाही, आधी बचाव बसवायचा, असं यंदा आम्ही ठरवलं आहे. कबड्डीच्या मुलांमुळे बचाव लवकर बसतो आहे. रिंगमध्ये चेंडू टाकणं हळूहळू येईल. फ्री थ्रो सुधारायला वेळ लागणार.

प्राचार्यांना, संस्थाचालकांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. संघ एक वर्ष हरला म्हणून त्याचा निधी काढून घेऊ नका, आणि हरलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी मैदानाबाहेर बसवू नका. नवी मुलं जरूर घ्या, आसपासच्या वस्तीतून घ्या, पण त्यांच्यामध्ये गेल्या वर्षी हरलेला एक तरी मुलगा उभा ठेवा. ज्यांना अजूनही वाटतं की हरलेल्याला बाजूला केल्याशिवाय जिंकता येत नाही, त्यांनी एकदा शंकराजी केशवांची सरसुभेदारी वाचावी.