बोहाडा

बोहाडा : महाराष्ट्रातील आदिवासींचा पारंपरिक मुखवटानृत्योत्सव. यास ‘भोवाडा’ असेही म्हणतात. पालघर जिल्ह्यातील (१ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) जव्हार व मोखाडे हे तालुके आणि नासिक जिल्ह्याचा लगतचा डोंगराळ भाग हे त्याचे प्रमुख क्षेत्र होय. कोकणा, वारली, महादेव कोळी इ. जमाती त्यात भाग घेतात. होळीनंतर व पावसाळ्यापूर्वी गावोगावी तो साजरा होतो.

मुखवटे लाकडाचे वा कागदाच्या लगद्याचे असून ते रंगविलेले असतात. मशालींच्या उजेडात, संबळ व पिपाणी यांच्या तालावर प्रथम गणपती व सरस्वती यांची सोंगे येतात. त्यानंतर रामायण-महाभारतातील पात्रे व स्थानिक देवता नाचत जातात. शब्दांपेक्षा पदन्यासाला महत्त्व असते. पहाटे देवी व महिषासुर यांचे युद्ध होऊन असुराच्या वधाने उत्सव संपतो.

इंडोनेशियातील बाली बेटावरही बारोंग व रांगदा यांच्या मुखवट्यांना पवित्र मानतात. मात्र त्यांचे युद्ध अनिर्णित राहते, कारण तेथे शुभ व अशुभ शक्तींचा समतोल अभिप्रेत असतो. बोहाड्यात देवीचा विजय निश्चित असतो. बालीतील नृत्यप्रकारांचा २०१५ मध्ये यूनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या सूचीत समावेश झाला.

मुखवटा धारण करणाऱ्यास त्या वेळेपुरते देवतारूप मानले जाते. शहरांत शोभेची वस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या मुखवट्यांतून कारागिरी टिकते. परंतु विधी व नृत्य यांवाचून त्यांचा मूळ अर्थ उरत नाही.