फरक आहे, पण केवढा?

१९२० साली नागपूरला इंडियन सायन्स काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण कराल का, असे विचारले. महालनोबिस मूळचे भौतिकशास्त्राचे. या विचारणेतून निघालेल्या कामानेच त्यांना दोन गटांमधला फरक मोजणाऱ्या ‘डी-वर्ग’ या अंतरापर्यंत नेले. वंशभेद मोजण्याचा त्यामागचा हेतू आज कालबाह्य झाला; माप मात्र टिकले.

त्या काळी संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांचा वांशिक साम्याचा गुणांक प्रचलित होता. त्यात अडचण अशी की नमुना मोठा घेतला की गुणांक वाढे, गटांमधला फरक तोच राहिला तरीही. फरक आहे का, हे तपासणे एक आणि तो केवढा, हे मोजणे दुसरे, हा भेद महालनोबिस यांनी १९३०च्या निबंधात स्पष्ट केला. १९३६ साली सहसंबंधांची दखल घेणारे व्यापक अंतर मांडले. सार्थकता-चाचणी आणि परिणामाचे मान यांची गल्लत अजूनही प्रबंधांत सर्रास दिसते, म्हणून हा इतिहास आधी सांगितला. हॉटेलिंग यांच्या सार्थकता-चाचणीतला टी-वर्ग (१९३१) म्हणजे नमुनासंख्येच्या गुणकाने गुणलेला डी-वर्गच. तो गुणक काढून टाकला की उरते ते खरे माप.

एकच चल असेल तर हे अंतर (डी-वर्गाचे वर्गमूळ) म्हणजे जेकब कोहेन यांचा परिचित ‘डी’ होय. चल दोन झाले की गंमत सुरू होते. समजा, उंची आणि हाताची लांबी या दोन्हींत एक गट दुसऱ्यापेक्षा अर्ध्या प्रमाण विचलनाने पुढे आहे. दोन्ही मापांत सहसंबंध नसेल तर अंतर ०.७१ येते, सहसंबंध ०.८ असेल तर ०.५३ च, कारण दुसरे माप बरेचसे पहिल्याचेच म्हणणे पुन्हा सांगते. आता तोच गट उंचीत पुढे पण हाताच्या लांबीत तेवढाच मागे असू द्या. एकेक फरक अर्ध्याचाच, सहसंबंधही ०.८ च, अंतर मात्र १.५८! उंच माणसांचे हात आखूड असणे ही दुर्मीळ जोडी आहे, आणि नुसत्या सरासऱ्या पाहणाऱ्याला ती दिसतच नाही. म्हणूनच कोहेन यांचे ०.२ (लहान), ०.५ (मध्यम), ०.८ (मोठा) हे टप्पे इथे जसेच्या तसे लावणे मला मान्य नाही.

आणखी एक सावधगिरी. चल वाढवत गेले की नमुन्यातला डी-वर्ग कधी घटत नाही. मूळ समूहांत फरक शून्य असला, तरी प्रत्येकी वीस व्यक्ती आणि दहा चल घेतल्यास तो सरासरीने १ च्या वर जातो. हा फुगवटा वजा करण्याची रीत या पुस्तकात दिली आहे. डी-वर्ग दोन गटांपुरता; तीन-चार गटांसाठी विल्क्स यांचा लॅम्डा आणि पिल्लई यांची बेरीज ही मापे लागतात. त्यांचा विचार पुढे आहे.

मराठी वाचकाला ही सामग्री परकी नाही. इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रातील शरीरमापांवरचा ग्रंथ १९५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला.

सारण्यांचे (मॅट्रिक्सचे) गणित येत नसेल तर सूत्रांची सिद्धता पहिल्या वाचनात खुशाल सोडा, उदाहरणे मात्र हाताने सोडवा. आणि स्वतःचा निबंध लिहाल तेव्हा पी-मूल्यावर न थांबता अंतर, त्यातल्या संभाव्य चुकीच्या मर्यादा आणि सहसंबंधांचे कोष्टकही छापा, एवढी विनंती.