पंचवीस की वीस पाच?

पणजीहून कदंबच्या बसने अनमोड घाटातून बेळगावला जाताना खानापूर मागे पडलं की थोड्या वेळाने मच्छे येतं. कारखान्यांची वसाहत आणि 1998 साली स्थापन झालेलं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ यांमुळे हे नाव बऱ्याच जणांच्या कानावर असतं. माझी भाची तिथे दिलेली आहे. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे दोन दिवस राहिलो होतो. तिचा मुलगा दुसरीत जाणारा. सहज म्हटलं, "पंचवीस लिही बघू." त्याने पाटीवर लिहिलं 52.

भाची त्याच्यावर ओरडली. तेवढ्यात अंगणातला शेजारचा कानडी मुलगा म्हणाला, "इप्पत्तैदु!" आणि आमच्या पोराने झटकन 25 लिहिलं.

मी चाटच पडलो. कानडीत इप्पत्तु म्हणजे वीस, ऐदु म्हणजे पाच. ज्या क्रमाने बोलायचं त्याच क्रमाने लिहायचं. आपण मराठीत पाच आधी बोलतो आणि दोन आधी लिहितो. पोर चुकलं नव्हतं, जसं ऐकलं तसंच त्याने लिहिलं होतं.

2019 साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतं ना? मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही दिली होती. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलं अडखळतात, एवढंच बाईंचं म्हणणं. विधानसभेतसुद्धा टिंगल झाली. खोटं कशाला बोलू, आमच्या कचेरीत चहाच्या वेळी मीही हसलो होतो. बाई 2023 साली गेल्या. मच्छ्याची पोरं कर्नाटकाची पुस्तकं वाचतात, त्यामुळे तो वाद तिथवर पोचलाही नसावा.

नॉर्वेत अगदी हाच बदल 1951 साली झाला. मागणी आली होती टेलिफोन खात्याकडून! आकडे सांगताना-ऐकताना घोटाळे होत. म्हणजे हा त्रास मुलांपुरताच नाही. आमचे वडील पोर्तुगीज शाळेत शिकले. हिशेब करताना ते 'विंति सिंकु' म्हणत, म्हणजे वीस आणि पाच, आणि बाजारात कोंकणीतून मात्र पंचवीस.

पण म्हणून जुनं सगळं घोकंपट्टीच होतं असं मला म्हणवत नाही. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवून झाले की पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. शब्दाचं मूळ 'अर्धचतुर्थ', म्हणजे चौथा अर्धा. अडीचही तसाच, 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. कुणीतरी विचार करूनच ही नावं पाडली. मात्र आमच्या पिढीला पाढे शिकवले ते छडीने. नाव असं का, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आज भाचीच्या घरापासून जवळच पोरं संगणकाला काम शिकवायला शिकतात. तिथे एकेक पायरी क्रमाने सांगावी लागते. छडीचा तिथे काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिंचोके घेऊन बसलो. दहा-दहाचे ढीग केले, बाजूला सुटे. "दोन ढीग, पाच सुटे. वीस आणि पाच. त्यालाच आपण पंचवीस म्हणतो." पोराला ते पटलं. मग एकोणीस आलं. म्हटलं, "'एकोण' म्हणजे एक कमी. विसातून एक उचल." त्याने उचलला. मग स्वतःच एकोणतीस केले, एकोणचाळीस केले. चिंचोके संपले तरी तोंडाने चालूच. एकोणनव्वदपर्यंत गेला आणि थांबला.

"आजोबा, मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

मला उत्तर देता आलं नाही. भाची आतून म्हणाली, "मामा, चहा निवतोय."