रानपिंगळ्याचं पान

पक्षी ओळखायचं पुस्तक मी उलट्या क्रमाने वाचतो. आधी नकाशा, मग आवाजाची ओळ, मग खुणा, आणि चित्र सगळ्यात शेवटी. शहाद्यात राहणाऱ्या माणसाला ही सवय लागावी यात नवल नाही. आमच्या बाजूच्या सातपुड्यात राहणाऱ्या वीतभर घुबडाने, रानपिंगळ्याने, या सगळ्या पुस्तकांचा कस पाहिला आहे.

आपल्याकडची जुनी पक्षीपुस्तकं रानात न्यायची नव्हतीच. सैन्यातला डॉक्टर जर्डन याने 1862 ते 1864 या काळात ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ लिहिलं, ते बंदूक बाळगणाऱ्यांसाठी. पक्षी मारून टेबलावर ठेवलेला आहे, हे त्यात गृहीतच. पंख किती इंच, चोच किती, पायाचा रंग कोणता, हे सगळं पट्टी लावून बघायचं. पंजाब पोलिसातल्या व्हिसलरचं 1928 चं पुस्तक त्यामानाने सुटसुटीत होतं. पण खरा फरक पडला तो 1941 मध्ये, सालिम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ने. त्यांनी इंच बाजूला ठेवले आणि चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार ही मापं हातात दिली. बुलबुलाहून थोडा मोठा, साळुंकीहून थोडा लहान, हे शाळेतल्या पोरालाही झाडाखाली उभं राहून ठरवता येतं. तेराशेच्या आसपास जातींच्या आपल्या देशात पहिल्या नजरेत हजारभर नावं बाद करता येणं ही फार मोठी सोय आहे. त्या एका युक्तीसाठी मी सालिम अलींचा जन्मभराचा ऋणी आहे.

पण सोय झाली म्हणून पुरावा मिळतो असं नाही. जिवंत पक्षी कुणी पाहिलाच नसेल तर पुस्तकाने काय सांगायचं?

आजच्या छत्तीसगडमधल्या बसनाजवळ 1872 मध्ये ब्लेविट नावाच्या संग्राहकाने एक वेगळंच घुबड टिपलं. तोच हा रानपिंगळा. ज्याला आपण काँग्रेसचा संस्थापक म्हणून ओळखतो त्या ह्यूमने 1873 मध्ये आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं आणि ब्लेविटचं नाव त्याला दिलं. पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसनने शहादा-तळोद्याच्या रानातून आणखी काही नमुने मिळवले. शेवटचा 1884 चा. त्यानंतर सामसूम. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, एवढाच या पक्ष्याचा संसार. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. पुस्तकातला नकाशा या चिठ्ठ्यांवरूनच काढला जातो.

त्यातली एक चिठ्ठी खोटी होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलने आपण 1914 मध्ये तापीकाठच्या मांडवीला, म्हणजे आजच्या गुजरातेत, रानपिंगळा मारल्याचं लिहून ठेवलं होतं. सालिम अली आणि अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांनी सत्तरच्या दशकात शोध घेतला, तो असल्याच माहितीच्या भरवशावर. हाती काही लागलं नाही. रिप्लींच्या दक्षिण आशियाई पक्ष्यांच्या पुस्तकावर काम करताना पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हे नमुने पुन्हा हातात घेतले. मांडवीच्या नमुन्यात कातडं भरण्याची मूळ पद्धत डेव्हिडसनची होती. संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी बांधलेला तो आमच्या खानदेशातलाच पक्षी निघाला. मला या चोरीचा आजही संताप येतो. एक कातडं गेलं म्हणून नव्हे. त्या चिठ्ठीने प्रामाणिक माणसांची पायपीट चुकीच्या रानात घडवली म्हणून.

मांडवी खोटी ठरल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी 1997 च्या नोव्हेंबरमध्ये आधी पूर्वेकडची ठिकाणं धुंडाळली. तिथे काही मिळालं नाही, तेव्हा ते शहाद्याला आले. 25 नोव्हेंबरच्या सकाळी सातपुड्याच्या पायथ्याशी उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता. बातमीत ‘धुळे जिल्हा’ असं आलं.

गावातल्या साध्या पिंगळ्याशी त्याचा घोळ होऊ नये म्हणून काय बघायचं, हे रासमुसेन यांनी कातड्यांवरून आधीच पक्कं करून ठेवलं होतं. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट विखुरलेले असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. छाती गडद तपकिरी, खाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, पंख-शेपटीवर रुंद पट्टे, आणि अंगाच्या मानाने दांडगे पंजे. त्याआधी रानपिंगळा म्हणून छापलेले फोटो तपासले तर ते पिंगळ्याचे निघाले. कातड्यावरून कळण्यासारखं नव्हतं ते मात्र जिवंत पक्ष्यानेच दाखवलं: भर उन्हात शिकार करतो, शेंड्यावर उघडा बसतो, शेपटी झटक्याने डावी-उजवीकडे हलवतो. त्याचा आवाज तर सव्वाशे वर्षं पुस्तकात नव्हताच. तो या शोधानंतर ध्वनिमुद्रित झाला.

रिप्लींचं ते पुस्तक, म्हणजे रासमुसेन आणि अँडर्टन यांचं दोन खंडांचं ‘बर्ड्स ऑफ साउथ एशिया’, 2005 मध्ये आलं. पहिला खंड रानात न्यायचा. दुसऱ्यात मोजमापं, आवाजांचे आलेख आणि कोणती नोंद का नाकारली याचे खुलासे आहेत. सहसा लोक पहिलाच खंड घेऊन फिरतात. मी दुसराही घरी उघडून बसतो, कारण माझ्या मते या पुस्तकाचा सगळ्यात धीट भाग त्या नाकारलेल्या नोंदींचा आहे. मोठ्या माणसाची सही आहे म्हणून नोंद ठेवायची, हा शिरस्ता तिथे मोडला गेला.

पुढे मेळघाटात, यावलला रानपिंगळा सापडत गेला. आता तो अतिसंकटग्रस्त यादीतून संकटग्रस्त यादीत आला आहे, तरी पायथ्याचा साग जिथे तुटतो तिथे त्याची ढोलीही जाते. 2014 मध्ये तो ठाणे-पालघरकडच्या तानसा अभयारण्यात दिसला. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर, आणि आधीच्या एकाही नकाशात नाही अशा जागी. पाहणाऱ्यांनी फोटो काढले, जागा आणि तारीख लिहिली, आणि नकाशात एक ठिपका वाढला.