जावळ आणि जळजळ

सातव्या महिन्यात गर्भारशीच्या छातीत जळजळू लागले, की घरातली वडीलधारी बाई हसून म्हणते, "होऊ दे गं, बाळाला जावळ भरघोस येणार!" ही समजूत मी गोवंडीत कोकणातून आलेल्या घरांत ऐकली, मराठवाड्यातून आलेल्या घरांतही ऐकली. तिचे वय तरी किती असावे, म्हणून शोध घेऊ लागले, तो गाठ पडली थेट चरकसंहितेशी.

चरकाच्या शारीरस्थानातला आठवा अध्याय गर्भिणीची महिन्यामहिन्याची काळजी सांगतो. सातव्या महिन्यापाशी आल्यावर ग्रंथकार क्षणभर थांबतो आणि बायका काय म्हणतात ते सांगतो: पोटातल्या बाळाला केस फुटू लागतात, म्हणून आईला दाह होतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रग्रंथात माजघरातले मत बायकांच्या नावावर नोंदलेले पाहून मला मोठे नवल वाटले. पण लगेच पुढे भगवान आत्रेय ते खोडून काढतात. तसे नव्हे, म्हणतात. वाढत्या गर्भाच्या दाबाने वात, पित्त आणि कफ उराकडे लोटले जातात आणि त्यामुळे दाह होतो. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादलेली ही संहिता मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९४१ साली छापली. माझे संस्कृत शाळेपुरते. तेव्हा एवढ्या चार ओळी लावायलाही मला जाणकारांचे पाय धरावे लागले.

उपाय मात्र साधे आहेत. मधुर औषधींनी सिद्ध केलेले थोडेसे लोणी बोराच्या पाण्याबरोबर घ्यावे, चंदन आणि कमळाच्या देठाचा लेप लावावा. आणि जेवण? गोडसर, थोडे, तेल-मीठ बेताचे, आणि वर पाणीही थोडेच. आजचे डॉक्टरही निराळे काय सांगतात? गरोदरपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉनमुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, वाढते गर्भाशय खालून जठराला रेटते, आणि आंबट रस वर चढतो. म्हणून एकदम पोटभर जेवू नये, थोडे थोडे पाच-सहा वेळा खावे, तळलेले व तिखट बेताने घ्यावे. आत्रेयांचा 'दाब' खरा ठरला. बायका हरल्या, असेच कोणीही म्हणाले असते.

पण २००६ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच समजूत तपासायला घेतली. तिकडच्या आजीबाईही हेच सांगतात. ते खोटे ठरवावे, हाच हेतू. ६४ गर्भवतींची जळजळ नोंदली आणि पुढे बाळांच्या जावळाला त्रयस्थांकडून गुण देवविले. बरीच जळजळ सोसलेल्या २८ जणींपैकी २३ जणींच्या बाळांचे केस सरासरीइतके किंवा जास्त निघाले; मुळीच जळजळ न झालेल्या १२ जणींपैकी १० जणींची बाळे कमी केसांची. संशोधकांचा तर्क असा, की जी संप्रेरके झडप सैल करतात, त्यांचाच बाळाच्या केसांच्या वाढीतही हात असावा. म्हणजे केसांमुळे जळजळ नव्हे, हे आत्रेयांचे म्हणणे टिकले. आणि दोन्ही गोष्टी जोडीने येतात, हे बायकांचे निरीक्षणही टिकले! चौसष्ट जणींचा दाखला तसा लहानच, पण मला तो फार गोड वाटला.

आणखी एक जुना ग्रंथ या संदर्भात आठवतो. माता आणि बालक यांच्या वैद्यकाची काश्यपसंहिता १९३८ साली निर्णयसागरनेच प्रथम छापली. तीत अम्लपित्ताबद्दल म्हटले आहे, की हा विकार बहुधा पाणथळ प्रदेशात होतो, आणि औषधाने हटेना तर गाव बदलावे. खाडीकाठच्या गोवंडीकराने हे वाचून हसावे की रडावे? तरी आपल्या लेकी गाव बदलतातच. पहिलटकरीण सातव्यानंतर माहेरी जाते. तिथली हवा निराळी असेलच असे नाही. निराळे असते ते ताट. सासरी सर्वांची पाने उरकल्यावर, रात्री दहा-साडेदहाला, दिवसभराची भूक एकदम भागवून ती तशीच आडवी होते. जळजळीला याहून चांगले आमंत्रण कोणते? माहेरी तिला आधी वाढतात आणि वेळेवर वाढतात. लोणी आणि चंदन मिळो न मिळो, पण हे औषध सासरच्यांनाही फुकटच पडेल.

गंमत अशी, की देशभरच्या बायकांची विचारपूस करणारी संस्था आमच्याच गोवंडी स्टेशनच्या रस्त्यावर आहे. १९५६ साली स्थापन झालेली ही लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करते. २००५-०६ च्या पाहणीत गरोदरपणातल्या तक्रारी विचारल्या: रातांधळेपणा, झटके, सूज, अतिथकवा, रक्तस्राव. जिवावर बेतणारी दुखणी आधी, हे योग्यच. पण जळजळीला त्यात रकाना नव्हता. चरकाने मात्र तिला रकाना दिला होता.

या हसण्यावारी नेण्यात एक धोका आहे, तो सणाच्या दिवसांतही सांगितलाच पाहिजे. शेवटच्या महिन्यांत बरगडीखाली, विशेषतः उजवीकडे, दुखू लागले, डोके ठणकले, डोळ्यांपुढे चमकू लागले किंवा चेहरा सुजला, तर ते जावळ नव्हे. रक्तदाब चढल्याची ती खूण असू शकते. तेव्हा त्याच क्षणी दवाखाना गाठावा. आणि झाडपाल्याचे ते सारे निर्धोक, असेही नाही. पित्तावर आपण सर्रास देतो ते ज्येष्ठमधच घ्या. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची मिठाई आवडीने खातात. गरोदरपणी ती पुष्कळ खाल्लेल्या आयांची मुले बारा-तेराव्या वर्षी बुद्धीच्या कसोट्यांत मागे पडलेली दिसली, असे तिथल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. खाण्याचा सोडाही मनाने घेऊ नये. त्याने अंगात क्षार साठतो.

राहता राहिले दिवाळीचे फराळ. चकली-चिवड्याची बशी तिच्यापुढून ओढून घेऊ नका. एखादी चकली सकाळी खाऊ द्या, रात्री नको. जळजळ झालीच तर साळीच्या लाह्या किंवा घोटभर गार दूध द्यावे. जेवणानंतर दोन-तीन तास तिला आडवे होऊ देऊ नये, आणि निजताना डाव्या कुशीवर निजवावे. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवतात. आमच्या दहा-बाय-दहाच्या खोलीत खाट कुठली? तिथे जाड गोधडीची घडी कमरेपासून डोक्यापर्यंत चढती लावली, तरी काम भागते.