रोडगा, शिनचॅन आणि मुलांचे हसू

विनोदी कलाकृती मुलांना दाखवण्याजोगी आहे का, हा प्रश्न दूरचित्रवाणीने आणला असे आपण धरून चालतो. पण कुटुंबाची यथेच्छ टिंगल करणारी आणि मुलांसमोर सर्रास सादर होणारी एक कलाकृती आमच्या सोलापूर जिल्ह्यात कितीतरी आधीपासून रंगते आहे. पंढरीच्या वाटेवर एकनाथांचे (१५३३–१५९९) रोडग्याचे भारूड ऐकावे. सासुरवाशीण भवानीला नवस बोलते. तिचे मागणे काय? सासरा परगावी गेला आहे, तो तिकडेच संपावा. सासूचा लवकर निकाल लागावा. जाऊ बोडकी व्हावी, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज व्हावी आणि शेवटी नवराही जाऊन आपण एकटी उरावे! या भारुडाला मुले अगदी पुढे बसलेली असतात. त्यांना कोणी उठवत नाही.

आता दुसरे घर पाहू. योशितो उसुई या जपानी चित्रकाराने १९९० मध्ये प्रौढ वाचकांच्या एका साप्ताहिकात नोहारा कुटुंबाची चित्रकथा सुरू केली. वडील हिरोशी हे टोक्योच्या कचेरीत राबणारे, घराच्या कर्जाखाली वाकलेले, पायमोज्यांच्या वासासाठी प्रसिद्ध. आई मिसाए सेलमागे धावणारी, दुपारी लवंडणारी, चिडली की हात उगारणारी. या दोघांचे पितळ रोज उघडे पाडतो तो त्यांचा पाच वर्षांचा मुलगा शिननोसुके, म्हणजेच शिनचॅन. १९९२ मध्ये त्यावर दूरचित्रवाणी मालिका निघाली.

भारतात ही मालिका २००६ मध्ये ‘हंगामा’ या मुलांच्या वाहिनीवर आली. हलते चित्र म्हणजे मुलांचेच, ही आपली समजूत. त्यामुळे मोठ्यांसाठी रचलेला उपहास थेट मुलांच्या ताटात पडला. हिंदी, तमिळ आणि तेलुगूत ध्वनिमुद्रण झालेले असल्याने सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलालाही अडसर नव्हता. मग पालकांच्या तक्रारी सुरू झाल्या. २००८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने मालिका थांबवली. पुढच्या वर्षी ती काटछाट होऊन परतली.

तक्रार करणारे केवळ भारतीय पालक नव्हते. जपानमध्ये पालक-शिक्षक संघटनेच्या पाहण्यांत, मुलांना दाखवू नयेशा वाटणाऱ्या कार्यक्रमांत शिनचॅनचे नाव वर्षानुवर्षे झळकत राहिले. अमेरिकेत १९९२ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी तिथली कुटुंबे ‘सिम्पसन्स’सारखी नव्हे, तर जुन्या ‘वॉल्टन्स’ मालिकेतल्या घरासारखी व्हावीत, अशी इच्छा बोलून दाखवली. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. ज्यांची टिंगल झाली, तेच निवाडा करायला बसले होते. म्हणून अशा तक्रारी वाचताना मी त्यांतले दोन धागे आधी वेगळे करतो.

पहिला धागा उद्धटपणाचा. शिनचॅन आईला नावाने हाक मारतो, उलट उत्तरे देतो. पण उद्धटपणाचे माप प्रत्येक भाषेत निराळे. मराठी मूल आईला ‘अगं’ म्हणते आणि त्यात माया असते; बापाला ‘अरे’ म्हटले तर अनेक घरांत आजही भुवया उंचावतात. दुसरा धागा शिनचॅन तरुण मुलींच्या मागे लागतो, त्यांना हैराण करतो, त्याचा. हे दोन विनोद एका जातीचे नाहीत. पहिल्यात लहान जीव आपल्यावर सत्ता चालवणाऱ्यांना हसतो. दुसऱ्यात हसू जिच्यावर येते, तिने काहीच केलेले नसते. पहिल्याने बापाचा अहंकार दुखावेल, मुलाचे काही बिघडणार नाही. दुसऱ्याची तक्रार मात्र मला रास्त वाटते.

हा फरक नियमांना दिसतो का? केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांतील सहावा नियम सांगतो की, मुलांच्या कार्यक्रमांत अपशब्द आणि उघड हिंसा नसावी, तसेच मुलांना अयोग्य असे काही त्यांच्या पाहण्याच्या वेळी दाखवू नये. म्हणजे शब्द मोजायचे, हाणामारी मोजायची, घड्याळ पाहायचे. चित्रपटांचेही तेच. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबईसह चार शहरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य समोरासमोर ठेवणारा लघुपट केला. त्यातली मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये कापली तरच ‘यू’ प्रमाणपत्र देऊ, असे सरकारने सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७० च्या निकालाने पूर्वपरीक्षण वैध ठरवले. पुढे खाने बारीक होत गेली: १९८३ पासून ‘यूए’, २०२१ च्या नियमांनी ओटीटीसाठी आणि २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांसाठी ७, १३ आणि १६ वर्षांच्या पायऱ्या. कात्रीला दृश्य सापडते. हसण्याचा रोख कोणाकडे आहे, ते तिला सापडत नाही.

माझी ही कसोटी प्रामाणिकपणे लावायची, तर ती आपल्या भारुडालाही लावली पाहिजे. सासू-सासऱ्यांना शाप देणारी सून सत्तेला हसते, हे खरे. पण जाऊ बोडकी व्हावी, या मागण्यावर जे हसू फुटते, ते कोणावर? ज्या समाजात विधवेचे केस बळजबरीने उतरवत, तिथे हा शाप पोकळ नव्हता. म्हणजे एकनाथांच्या भारुडातही कमजोर बाईवरचे हसू आहेच.

तरी हे भारूड मुलांपासून दूर ठेवावे, असे मी म्हणणार नाही. कारण भारूडकार गाऊन थांबत नाही, तो निरूपण करतो. सासर म्हणजे विकारांचे घर, एकटी राहणे म्हणजे जिवाचे मोकळे होणे, असे तो उलगडतो. मालिकेत त्या जागी जाहिरात येते. निरूपण करणारे कोणी नसते. ते काम घरच्यांच्या वाट्याला येते आणि वयाचा कोणताही शिक्का त्यांना त्यातून सोडवत नाही. शिनचॅन मुलीला छळतो तेव्हा तिला काय वाटत असेल, हे मुलाला विचारावे लागते. तसेच ‘बोडकी’ म्हणजे काय, हे आजच्या मुलाला ठाऊक नसते. ते कोणीतरी सांगायला हवे, केशवपनासकट. त्यानंतरही मूल त्या ओळीला हसते का, ते पाहावे.